बटरफ्लाय म्हणजे नुसता खांद्यांचा जोर?

‘खांदे दणकट असले की बटरफ्लाय जमतो,’ असं पोहण्याच्या या प्रकाराबद्दल वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं वाटणं साहजिकच आहे, कारण पाण्याबाहेर दिसतात ते हातच.

खरी गोष्ट पाण्याखाली घडते. हातांच्या एका फेऱ्यात पाय जोडीने दोनदा मारले जातात: एकदा हात पाण्यात शिरताना, दुसऱ्यांदा ते बाहेर निघताना. ही दुसरी लाथ चुकली, की खांदे वर येत नाहीत आणि दंड कितीही पिळदार असोत, हात पाण्यातच अडकतात. शिवाय शर्यतीच्या सुरुवातीला आणि प्रत्येक वळणानंतर नियमाने 15 मीटरपर्यंत पाण्याखाली जाता येतं, तेही हात न मारता!

खात्री करायचीय? शर्यतीचा पाण्याखालचा व्हिडिओ संथ गतीने लावा आणि लाथा मोजा.