खारी, धाबं आणि खुब्याचं हाड

अमळनेरकडच्या आमच्या गावात आजीचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं होतं. आखाजी झाली की आजोबा शिडी लावून वर चढायचे, तडकलेली जुनी खारी, म्हणजे छतावरची पांढरी माती, कुदळीने खरवडून काढायचे आणि गाडीभर नवी पांढरी खारी पसरून चोपून बसवायचे. एखाद्या वर्षी कंटाळा केला, की रोहिणीच्या पहिल्याच सरीला थेट चुलीवर थेंब.

पुढे त्याच घराच्या ओट्यावरून आजी घसरली. पडणं साधंच, पण खुबा मोडला. जो भेटायला आला तो म्हणाला, "वय झालं, हाडं झिजली."

झिजते ती चप्पल. हाडाचं तसं नाही. ते धाब्यासारखं असतं, कुठे ना कुठे रोज खणलं जातं आणि भरलं जातं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण 10 टक्के भाग दरवर्षी नव्याने घडतो. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी हाडाला चिकटून आम्ल सोडतात आणि दोन-तीन आठवड्यांत एक बारीकसा खड्डा करतात. मग ऑस्टिओब्लास्ट येतात. त्या आधी कोलॅजेन या प्रथिनाची जाळी विणतात, तिच्यात कॅल्शियम-फॉस्फेट बसतं, आणि खड्डा बुजायला तीन-चार महिने लागतात. खणणं झटपट, भरणं सावकाश. बाईची पाळी गेली की खणणाऱ्यांवरचा इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा लगाम सुटतो आणि दरसाल थोडी थोडी तूट पडत जाते. (कॅल्शियमच्या गोळ्यांवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो, की खारीची गाडी अंगणात रिकामी केली म्हणजे धाबं होत नाही. वर चढून चोपणारं कोणी हवं.)

सुरुवातीची बरीचशी औषधं खणणाऱ्यांचे हात बांधणारी होती. त्यातल्या बिस्फॉस्फोनेटची कथा आपल्याकडे सहज पटेल, कारण बोअरच्या जड पाण्याने बंबात धरणारा पांढरा थर आपण वर्षानुवर्षं खरवडत आलो आहोत. हा थर नळांत धरू नये म्हणून कारखाने याच जातीची रसायनं पाण्यात घालत. हर्बर्ट फ्लाइश या स्विस शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात दाखवलं, की ही रसायनं हाडातल्या खनिजालाही चिकटतात आणि हाडाचं विरघळणं रोखतात. हाड खणणारी पेशी ते औषध गिळते आणि लुळी पडते. यातलं ॲलेन्ड्रोनेट 1995 मध्ये अमेरिकेत ठिसूळ हाडांसाठी मंजूर झालं. आज ते आपल्याकडेही मिळतं.

पण खणणं थांबवलं म्हणून नवी खारी पडत नाही. भरणाऱ्यांना जोर कसा द्यायचा, याचा धागा भलतीकडेच सापडला. दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानर कुटुंबांत आणि नेदरलँड्सच्या उर्क गावात दोन दुर्मीळ आजार आहेत, ज्यांत हाड वाढायचं थांबतच नाही. जबडा रुंदावतो, कवटी जाड होत जाते, तिच्यातून जाणाऱ्या नसांच्या वाटा बुजतात. चेहरा लुळा पडतो, ऐकू येईनासं होतं, मेंदूवर दाब येतो. हाल हाल होतात. मात्र या माणसांची हाडं सहसा मोडत नाहीत.

2001 आणि 2002 मध्ये कारण कळलं. दोन्ही आजारांत एकाच जनुकाचं काम बिघडलेलं होतं, त्यामुळे स्क्लेरोस्टिन हे प्रथिन तयार होत नव्हतं किंवा फारच कमी होत होतं. भरणाऱ्या पेशींना 'बस करा' म्हणणारं ते हेच प्रथिन.

ते बनवतं कोण, हे तर मला सगळ्यांत भारी वाटतं. हाड भरता भरता काही ऑस्टिओब्लास्ट त्यातच गाडल्या जातात, गवंडी स्वतःच भिंतीत चिणला जावा तशा. पण त्या मरत नाहीत. अतिसूक्ष्म नळ्यांतून एकमेकींना धरून वर्षानुवर्षं जगतात आणि हाडावर पडणारा ताण ओळखतात. चालताना, जिना चढताना हाडावर जोर आला की स्क्लेरोस्टिन कमी सोडतात, म्हणजे भरणाऱ्यांना मोकळीक. माणूस खाटेला खिळला की उलटं. अंतराळात वजनच पेलावं लागत नाही; व्यायाम न करणाऱ्या अंतराळवीराच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का घटतं. आजी तर मोडलेला खुबा घेऊन चार महिने खाटेवर होती.

स्क्लेरोस्टिनला धरून ठेवणारं रोमोसोझुमॅब हे इंजेक्शन 2019 मध्ये जपानमध्ये आणि अमेरिकेत मंजूर झालं. ते भरणं वाढवतं आणि खणणंही थोडं कमी करतं. एका मोठ्या चाचणीत मात्र ते घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात थोडे जास्त दिसले, म्हणून गेल्या वर्षभरात असं काही होऊन गेलेल्यांना ते देत नाहीत. महिन्यातून एकदा, असे बाराच डोस. त्यानंतर भरण्याचा जोर ओसरतो. मग लगोलग खणणाऱ्यांना आवरणारं जुनं औषध सुरू करावं लागतं, नाहीतर वर्षभरात चढलेली खारी पुन्हा खरवडली जाते.