बटण ४८चंच का? मोबाइल डिझाइनच्या नियमांची पार्श्वभूमी

ठाणे-वाशी लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभा असलेला प्रवासी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानेच फोन चालवतो. ठाण्या-वाशीच्या क्लासमध्ये यूआय-यूएक्स (अ‍ॅपच्या स्क्रीनची रचना आणि वापराचा अनुभव) शिकणारा मात्र मोठ्या स्क्रीनवर माउसने बटणं आखत असतो. 'टच टार्गेट (बोटाने दाबायची जागा) किमान ४८ डीपी' हा नियम त्याला पाठ असतो; डीपी हे अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक. पण हा आकडा आला कुठून हे ठाऊक नसलं, की जागा कमी पडताच तो ४८चे ३२ करून मोकळा होतो.

आकड्यामागची गोष्ट फोनच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली प्रयोगात लोकांना हातातली लेखणी दोन धातूच्या पट्ट्यांवर आळीपाळीने टेकवायला लावली. पट्ट्या अरुंद केल्या किंवा एकमेकींपासून लांब नेल्या की वेळ वाढायचा. त्यांच्या सूत्रानुसार बटण निम्म्या रुंदीचं करणं आणि ते दुप्पट लांब नेणं, दोन्हींची किंमत सारखीच. १९७८मध्ये हेच सूत्र माउसलाही लागू पडल्याचं दिसलं.

पाम पायलट या तळहातात मावणाऱ्या संगणकाच्या (१९९६) काळात हातात टोकदार लेखणी होती, त्यामुळे बारीक बटणं चालून गेली. २००७मध्ये आयफोनने लेखणी काढून टाकली आणि बोट आलं. ३२० बाय ४८० पिक्सेलच्या त्या स्क्रीनवर इंचाला १६३ पिक्सेल होते. अ‍ॅपलचं किमान माप ४४ पॉइंट (त्या स्क्रीनवर एक पॉइंट म्हणजे एक पिक्सेल), म्हणजे तिथे जेमतेम ७ मिलिमीटर. अँड्रॉइडचा डीपी इंचाचा १६०वा भाग धरला जातो, म्हणून ४८ डीपी सुमारे ७.६ मिलिमीटर भरतात. म्हणजे हे माप मुळात बोटाच्या टोकाचं आहे. घोटाळा होतो तो पिक्सेल आणि डीपी एकच समजल्याने: तिप्पट घनतेच्या फोनवर ४८ पिक्सेल म्हणजे १६ डीपी, जेमतेम अडीच मिलिमीटर. आयकॉन २४ डीपीचाच हवा असेल तर खुशाल ठेवावा, पण चारही बाजूंना १२ डीपीची दाबता येणारी मोकळी जागा द्यावी.

मोबाइल डिझाइनचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी २०१३मध्ये फोन वापरणाऱ्यांची १,३३३ निरीक्षणं नोंदवली. त्यांतल्या स्क्रीनला स्पर्श करत असलेल्यांपैकी ४९ टक्के लोक एका हाताने फोन वापरत होते. मुख्य बटण खाली ठेवण्याचा आग्रह धरताना हाच आकडा पुढे केला जातो.

२०१३मध्ये अ‍ॅपलच्या आयओएस ७ने आणि २०१४मध्ये गूगलच्या मटेरियल डिझाइनने चामड्या-लाकडाचा आभास मागे सारला, सपाट रंग आणले. स्क्रीन स्वच्छ झाली, पण त्या लाटेत फिकट करड्या अक्षरांचीही चलती झाली. कॉन्ट्रास्टचा (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचा) ४.५:१ हा नियम वेब सुलभतेच्या २००८च्या मानकातला. सामान्य नजरेसाठी ३:१ हे प्रमाण आधीपासून होतं. नजर मध्यम अधू झाली की साधारण दीडपट कॉन्ट्रास्ट लागतो, म्हणून ४.५. पांढऱ्यावर ९९९९९९ या रंगसंकेताचा करडा फक्त २.८५:१ देतो, तर ७६७६७६ जेमतेम पास होतो. मे महिन्यातल्या दुपारी ठाण्याच्या उघड्या प्लॅटफॉर्मवर पहिला दिसतच नाही.

आता आपला खरा प्रश्न. हे सगळे नियम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडले. देवनागरीचं काम आपल्या परिसरात झालं: पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवणारे अक्षरकार र. कृ. जोशी पुढे एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेशी, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईशी जोडले गेले (तिचं एक केंद्र खारघरला आहे). विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट त्यांचाच. देवनागरीत अक्षराच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं. त्यामुळे १६ आकाराच्या इंग्रजी मजकुराला २४ उंचीची ओळ पुरते, मराठीला २६ ते २८ लागते. ठरावीक उंचीच्या चौकटीत 'वर्षी'चा रफार छाटला जातो. इंग्रजी बटणावर शोभणारी विरळ अक्षरं मराठीत आणली तर शिरोरेषाच तुटते. इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरंही आपल्याकडे नाहीत, त्यामुळे ठसा उमटवायचा तो जाडी, आकार आणि रंग यांतूनच.

म्हणून डिझाइनच्या फ्रेममध्ये (स्क्रीनच्या चौकटीत) नमुना मजकूर म्हणून 'सर्वांत, पर्यंत, राष्ट्रीय, शत्रू, तऱ्हा' हे शब्द टाकावेत, फोनमधला अक्षरांचा आकार १३० टक्के करावा आणि मग एकाच हाताने स्क्रीन तपासावी.