हवा पोचत नाही, तिथेच खांब सडतो

कबाड्याकडून जुने लोखंडी अँगल आणायचे, उताराला खांबांसारखे ओळीने पुरायचे, मधे फरशीचे तुकडे सरकवायचे, की परसातली माती अडली. ही भिंत स्वस्त आणि चांगली. पण घेताना आपण वरचा भाग ठोकून बघतो आणि खांब मोडतो तो जमिनीतून.

गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो, हे शाळेत शिकलो. मग जमिनीत हवा कमी, तर गंजही कमी हवा. होतं उलटं. कारण गंज हा विजेचा खेळ आहे. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे टाकून ओल्या मातीत उतरतो, तो भाग ॲनोड. ते इलेक्ट्रॉन खांबातूनच हवेशीर भागाकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी त्यांना घेऊन हायड्रॉक्साइड बनवतात, तो कॅथोड. ऑक्सिजन वापरला जातो एकीकडे, लोखंड झिजतं दुसरीकडे. केंब्रिजचे गंजाचे अभ्यासक युलिक इव्हान्स यांनी लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून हे दाखवलं होतं. थेंबाच्या कडेला हवा सहज पोचते, तिथलं लोखंड शाबूत राहतं. मधोमध मात्र खड्डा पडतो.

आपली काळी माती यासाठी जणू मुद्दाम बनवलेली. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज पावसात फुगतं आणि हवेची वाट बुजवतं. खांबाचा वरचा भाग मुरमात, खालचा ओल्या काळ्या मातीत, म्हणजे विजेचा घट (सेल) तयार. खताचे क्षार उतरले की प्रवाह आणखी सोपा.

बुडाला काँक्रीट असेल तर पेच वाढतो. काँक्रीटचा पीएच 12 ते 13, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी, त्यात लोखंडावर संरक्षक पापुद्रा धरतो आणि तेवढा भाग कॅथोड होतो. काँक्रीटच्या लगेच वरचं, मातीतलं लोखंड ॲनोड. कॅथोड मोठा, ॲनोड चिमुकला, त्यामुळे सगळी झीज बोटभर जागेत. मातीचा रेटा खांबाला वाकवतो तोही साधारण तिथेच, आणि भिंतीची उंची दुप्पट केली की हे वाकवणं आठपट होतं. दोन फुटांची भिंत चार फुटांवर नेण्याआधी एवढं लक्षात घ्या.

‘जुनं लोखंड शुद्ध, ते गंजत नाही’ म्हणणारे दिल्लीतल्या मेहरौलीचा लोहस्तंभ पुढे करतात. तो जवळपास 1600 वर्षं टिकला त्याचं मोठं श्रेय लोखंडातल्या फॉस्फरसला आहे, आणि त्याचाही जमिनीतला भाग गंजलेला आढळला. शनिवारी लोखंड घेऊ नये म्हणतात. खुशाल घ्या, खांब तेवढा तपासून घ्या. रेल्वेचे रूळ मात्र लिलावाच्या कागदाशिवाय नकोत, त्यासाठी 1966 पासून स्वतंत्र कायदा आहे.

खांबाचं पूर्वी जमिनीत असलेलं टोक हातोडीने ठोका. पापुद्रे सुटले तर तेवढं कापून खांब उलटा पुरा. मागे मुरूम-गिट्टी भरा, खालून पाण्याला वाट ठेवा. डांबर जमिनीच्या वर वीतभरापर्यंत लावा, आणि काँक्रीटमध्ये जाणारा भागही सोडू नका. ‘तो तर सुरक्षितच’ म्हणून लोक तेवढाच वगळतात. पण कॅथोड झाकला की इलेक्ट्रॉनांना जायला जागा उरत नाही, आणि वरची झीज मंदावते.