पेय तेच, साखर वेगळी

मधुमेहाच्या तपासणीसाठी लॅबमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात. ज्यांनी ते नाक दाबून घशाखाली उतरवलंय, त्यांना ती गुळचट चव विसरता येत नाही. आपल्या सगळ्या रक्तात मिळून एरवी साखर असते जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. तिच्या पंधरापट साखर एकदम पोटात गेल्यावर शरीर ती कशी आवरतं, हे या तपासणीत दिसतं.

सगळ्यांची शरीरं ती सारखीच आवरतात का? न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी चिनी आणि युरोपीय वंशाच्या लोकांना ग्लुकोजचं पेय आणि भाताचे पाच प्रकार देऊन पाहिले. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. तोच भात खाऊन चिनी गटातली रक्तातल्या साखरेची वाढ युरोपीय गटापेक्षा ६० टक्क्यांहून जास्त होती, तर ग्लुकोजनंतर ३९ टक्के जास्त. मला यातला दुसरा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. भातातला स्टार्च लाळेला आणि आतड्यांना तोडावा लागतो. ग्लुकोजमध्ये तोडण्यासारखं काही नसतंच. तरीही एवढा फरक! म्हणजे साखर रक्तातून उचलली कशी जाते, तिकडे पाहायला हवं.

हे उचलण्याचं काम मुख्यतः स्नायूंचं. इन्सुलिनचा इशारा मिळाला की ते साखर ओढून घेतात. स्नायू कमी आणि चरबी जास्त असली की हे काम मंदावतं, आणि इथे आपला थेट संबंध येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला न दिसणारी ही चरबी आपल्याकडे जन्मापासूनच असते. याज्ञिकांच्या अभ्यासात पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण पाठीवरचा चरबीचा थर त्या मानाने फारसा कमी नव्हता.

आता आजारपणातून उठलेल्या आजी-आजोबांसाठी आणलेल्या पोषण-पावडरीचा डबा पाहा. त्यावरचा 'लो जीआय' हा शब्द १९८१ साली टोरांटोत डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या कल्पनेतून आला. जीआय (ग्लायसेमिक इंडेक्स) म्हणजे एका भागाकाराचं उत्तर: त्या पेयाने चढलेली साखर भागिले त्याच माणसाची तेवढ्याच कर्बोदकांच्या शुद्ध ग्लुकोजने चढलेली साखर. ज्याची साखर दोन्हींनी जास्त चढते, त्याचंही उत्तर साधारण तेवढंच येऊ शकतं. त्यामुळे डब्यावरचा आकडा पेयाची जात सांगतो. आजोबांची साखर किती होईल, ते सांगत नाही.

घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन वरच्या क्रमांकावर असेल तर जास्त जपा. नावात साखर नसली तरी त्या ग्लुकोजच्याच साखळ्या, आणि त्या फार पटकन तुटतात. दुधातली प्रथिनं मात्र पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतात आणि इन्सुलिनही वाढवतात.

वंशावरून फक्त अंदाज बांधता येतो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० लोकांवर केलेल्या अभ्यासात तेच पदार्थ खाऊन माणसामाणसांत साखर खूप वेगवेगळी चढलेली दिसली. म्हणून घरात ग्लुकोमीटर असेल तर नवं पेय सुरू करताना पिण्याआधी, तासाभराने आणि दोन तासांनी साखर मोजा, आणि ते तिन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा.