‘कारण असू शकतं’ आणि ‘कारण हे आहे’: दुःख, ईश्वर आणि दोन वेगळी उत्तरं

ईश्वर प्रेमळ आहे, तर माणसाच्या वाट्याला इतकं दुःख का येतं? श्रद्धावान माणूस यावर दोन प्रकारे उत्तर देऊ शकतो. ‘ईश्वराकडे काही कारण असू शकतं’ हे एक, आणि ‘कारण हे आहे’ हे दुसरं. दोन्ही ऐकायला सारखीच वाटतात, कित्येकदा एकाच दमात दिलीही जातात. प्रत्यक्षात पहिल्याला फार थोडं सिद्ध करावं लागतं आणि दुसऱ्याला फार जास्त. धर्माच्या तत्त्वज्ञानात पहिल्याला बचाव म्हणता येईल आणि दुसऱ्याला समर्थन, म्हणजे थिऑडिसी. या विषयावर आस्तिक-नास्तिकांची जी भांडणं होतात, त्यांतली बरीचशी ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळल्यामुळे होतात असं माझं मत आहे.

आरोपीच्या वकिलाला खरा गुन्हेगार शोधून द्यावा लागत नाही. समोर आलेल्या पुराव्याने आपल्या अशिलाचा गुन्हा सिद्ध होत नाही, एवढं दाखवलं की त्याचं काम झालं. तपास अधिकाऱ्याची गोष्ट वेगळी. नेमकं काय घडलं ते त्याला सांगावं लागतं, आणि तो चुकला तर निरपराध माणूस आत जातो.

बचाव समजून घ्यायचा तर आधी आरोप नीट पाहायला हवा. आरोप जुना आहे. चौथ्या शतकातल्या लॅक्टन्शियस या ख्रिस्ती लेखकाने तो एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर नोंदवला आहे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या धर्मविषयक संवादांतही तो पुन्हा भेटतो. ईश्वराला अनिष्ट थांबवायचं आहे पण जमत नाही, तर तो दुर्बळ. जमतं पण इच्छा नाही, तर तो दुष्ट. जमतंही आणि इच्छाही आहे, तर मग अनिष्ट आलं कुठून? १९५५ मध्ये जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञांनी या प्रश्नाला तर्कशास्त्राची धार दिली. ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो पूर्णपणे चांगला आहे, आणि जगात अनिष्ट आहे, ही तीन विधानं एकत्र खरी असूच शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे श्रद्धेला पुरावा नाही अशी ही तक्रार नव्हे. श्रद्धा स्वतःशीच विसंगत आहे, असा हा हल्ला.

हल्ला इतका टोकाचा असला की बचाव सोपा होतो. ‘असूच शकत नाहीत’ हे खोडायला ‘असू शकतात’ एवढं पुरतं. ॲल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञांनी १९७४ मध्ये तेच केलं. खरोखर स्वतंत्र माणसं निर्माण करायची, तर ती वाईट निवडतील ही शक्यता सोबत येतेच. त्यांनी कधीच वाईट निवडू नये अशी तजवीज ईश्वराने केली, तर ती स्वतंत्र उरत नाहीत. आणि स्वतंत्र माणसांचं जग, त्यातल्या अनिष्टासकट, बाहुल्यांच्या निष्पाप जगापेक्षा मोलाचं असू शकतं.

मग भूकंपाचं काय? रोगाचं काय? तिथे माणसाची निवड कुठे आली? यावरचं प्लँटिंगांचं उत्तर वाचून अनेकांना हसू येतं. ते म्हणतात, नैसर्गिक आपत्ती सैतानासारख्या अमानवी पण स्वतंत्र जीवांच्या कृतीमुळे येत असणं शक्य आहे. हसणाऱ्यांची गल्लत इथेच होते. भूकंप सैतान घडवतो असा प्लँटिंगांचा दावा नाही. तसं असण्यात तार्किक विसंगती नाही, इतकंच ते सांगताहेत, आणि हातात घेतलेल्या कामापुरतं ते पुरेसं आहे. बचावाचं बळ आणि त्याचं तोकडेपण, दोन्ही या एका उदाहरणात दिसतात: वाद जिंकायला तो पुरतो, पण जगाबद्दल काहीच सांगत नाही. पुढे १९८२ मध्ये मॅकी यांनीही, काहीशा आढेवेढ्यांनी का होईना, ईश्वरवादाची मूळ तत्त्वं या समस्येमुळे परस्परविसंगत ठरत नाहीत हे मान्य केलं.

समर्थनाला इतक्यावर थांबता येत नाही. थिऑडिसी ही संज्ञाच लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने घडवली आणि १७१० मध्ये ग्रंथाच्या शीर्षकात वापरली. त्याचा युक्तिवाद असा: ईश्वर सर्वज्ञ आणि सर्वोत्तम आहे, म्हणून त्याने शक्य असलेल्या सगळ्या जगांतून सर्वोत्तम तेच निवडलं असणार. म्हणजे आपण राहतो ते हेच. मग १ नोव्हेंबर १७५५ उजाडला. लिस्बनमध्ये त्या सकाळी सर्व संतांच्या सणासाठी चर्च भरलेली असताना भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र आत घुसला आणि शहराला आग लागली. हजारो माणसं मेली. फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने त्यावर कविता लिहून सर्वोत्तम जगाच्या कल्पनेला झोडपलं. खरं तर लायब्निझचा तर्क भूकंपाने खोटा पडत नाही. अनुभवाने खोटा पाडता येईल अशी त्याची रचनाच नव्हती. पण मेलेल्यांच्या नातेवाइकांसमोर तो उच्चारणं अवघड होऊन बसलं.

त्यानंतरच्या समर्थनांत मला सर्वांत प्रामाणिक वाटतं ते जॉन हिक या ब्रिटिश तत्त्वज्ञांचं. दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या ख्रिस्ती धर्मचिंतकाच्या विचाराचा धागा धरून त्यांनी १९६६ मध्ये ते मांडलं. माणूस पूर्ण घडलेला नाही, तो घडतो आहे, आणि धैर्य, करुणा, क्षमा हे गुण अडचणी नसलेल्या जगात रुजूच शकत नाहीत. यावरचा आक्षेप कुणालाही सुचेल: दुःख काहींना घडवतं, तसं काहींना पार मोडून टाकतं. आणि जन्मून तासाभरात गेलेल्या बाळाने काय घडवून घ्यायचं? हिक यांना हे दिसत होतं. म्हणूनच त्यांना ही घडण मृत्यूनंतरही चालू राहते असं मानावं लागलं.

वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांतही हा प्रश्न आडपडदा न ठेवता विचारला आहे. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात आक्षेप येतो की कुणाला सुखी आणि कुणाला दुःखी करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरेल. सूत्रकारांचं उत्तर: नाही, कारण ईश्वर सृष्टी करताना जिवांच्या कर्मानुसार करतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दृष्टांत देतात. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो, वेगळेपण बीजातून येतं. मग अगदी पहिलं कर्म कुठून आलं? लगेच पुढचं सूत्र सांगतं की संसार अनादि आहे, पहिलं असं काही नाहीच. उत्तर काटेकोर आहे, यात शंका नाही. पण हेही समर्थनच आहे, ‘कारण हे आहे’ या जातीचं, आणि त्याचीही किंमत आहे. व्याधी घेऊन जन्मलेल्या बाळाकडे शेवटी बोट वळतं, त्याला आठवत नसलेल्या कर्मासाठी. शिवाय प्रश्न प्रेमाबद्दल होता आणि उत्तर न्यायाबद्दल मिळतं.

समर्थन किती पटकन अडचणीत येतं हे दाखवणारी एक कथा इस्लामी धर्मशास्त्राच्या परंपरेत सांगितली जाते. दहाव्या शतकातला अल-अशअरी आपल्या गुरूला, अल-जुब्बाईला, तीन भावांबद्दल विचारतो. एक पुण्यवान होऊन मेला, एक पापी होऊन, एक लहानपणीच गेला. लहानग्याने ईश्वराला विचारलं, मला जगू का दिलं नाहीस, मीही पुण्य कमावलं असतं? गुरूच्या मते ईश्वर म्हणेल, तू मोठा होऊन पापी होणार हे मला माहीत होतं, म्हणून तुझ्या भल्यासाठी तुला लवकर नेलं. त्यावर अशअरी विचारतो, मग नरकातून दुसरा भाऊ ओरडला, की माझंही तुला माहीतच होतं, मला का नाही लहानपणी नेलंस? गुरूकडे उत्तर नव्हतं. एका दुःखाला लावलेलं कारण शेजारच्या दुःखाला लावून पाहिलं की असं होतं.

इथवर बचाव सुरक्षित आणि समर्थन अडचणीत, असं चित्र दिसतं. पण बचावाचीही सुटका नाही. विल्यम रो या अमेरिकन तत्त्वज्ञांनी १९७९ मध्ये आरोपाचं स्वरूपच बदललं. कल्पना करा, म्हणाले, दूरच्या जंगलात वीज पडून वणवा लागतो, एक पाडस होरपळतं आणि कित्येक दिवस तडफडून मरतं. कुणी पाहिलं नाही, कुणाला त्यातून करुणा शिकता आली नाही. हे दुःख टाळून कोणतं मोठं भलं हुकलं असतं? विसंगतीचा दावा रो करत नाहीत. असं दुःख खरोखरच निरर्थक असावं असं मानायला सबळ कारण आहे, एवढंच ते म्हणतात. आता ‘कारण असू शकतं’ हे उत्तर पुरत नाही, कारण शक्य आहे की नाही हा वादच उरलेला नाही. संभाव्य काय आहे, हे विचारलं जातंय.

यावर आस्तिक बाजूने आलेलं सर्वांत चलाख उत्तर स्टीफन विक्स्ट्रा यांचं, १९८४ मधलं. ईश्वराची बुद्धी आपल्याहून अफाट मोठी असेल, तर त्याची कारणं आपल्याला दिसावीत अशी अपेक्षाच चूक आहे. ती दिसत नाहीत यावरून ती नाहीत असं ठरत नाही. युक्तिवाद म्हणून हे पक्कं आहे. मात्र तो फार ताणला तर आस्तिकाच्याच अंगाशी येतो. ईश्वराची कारणं इतकी अगम्य असतील, तर ती प्रेमाचीच आहेत हे तरी कुणी कशावरून सांगावं?

प्रत्यक्ष आयुष्यात घोटाळा होतो तो बचावाला समर्थनाचे कपडे चढवले की. ‘माणसाला स्वातंत्र्य दिलंय ना, म्हणून’ हे वाक्य युद्धाबद्दल किंवा खुनाबद्दल निदान विचारात घेण्याजोगं आहे. तेच हाडांच्या कर्करोगाने गेलेल्या मुलाच्या आईला सांगितलं, तर ते तर्काच्या पातळीवरही लटकं पडतं, माणुसकीची गोष्ट दूरच. पेशींतला बिघाड कुणाच्या निवडीने झाला नव्हता. ‘देव परीक्षा पाहतो’ हेही तसंच. एक शक्यता म्हणून सुरू होतं आणि वाक्य संपेपर्यंत निदान झालेलं असतं.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक या घोटाळ्याची इतकी अचूक चिरफाड करतं की ते नुसतं सोशिकपणाची कथा म्हणून वाचलं जातं याचं मला नवल वाटतं. ईयोब हा सज्जन माणूस, आणि त्याची संपत्ती, मुलं, आरोग्य सगळं हिरावलं जातं. पण सोशिक ईयोब फक्त सुरुवातीला आहे. पुढे तो संतापतो, ईश्वराला जाब विचारतो. त्याचे मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसतात. तोवर ते बरोबर वागतात. मग बोलू लागतात, आणि त्यांचं बोलणं म्हणजे समर्थनच असतं: तू काहीतरी पाप केलं असणार. गंमत अशी की या कथेत दुःखाला खरोखरच कारण आहे. वाचकाला ते पहिल्या दोन अध्यायांतच कळतं, स्वर्गात ईयोबाच्या निष्ठेवरून वाद झालेला असतो. मित्रांचा एकही अंदाज त्याच्या जवळ जात नाही. ईयोबाला ते कारण शेवटपर्यंत सांगितलं जात नाही, वादळातून ईश्वर स्वतः बोलतो तेव्हाही नाही. आणि बेचाळिसाव्या अध्यायात ईश्वराचा राग होतो तो मित्रांवर: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत. कथेत कारण आहे, तरी ‘कारण हे आहे’ म्हणणारे सगळे चुकले आहेत.

याच्या जवळची आणखी एक जोडी आहे, दुःख घडवणं आणि दुःख होऊ देणं. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस म्हणतो की ईश्वर पाप घडावं अशीही इच्छा करत नाही आणि घडू नये अशीही करत नाही, ते घडू देण्याची मात्र करतो. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याला ही फोड पळवाट वाटली. सर्वशक्तिमानाच्या बाबतीत होऊ देणं आणि ठरवणं यांत फरक उरतोच किती, या मुद्द्यावर मला कॅल्विनचं पारडं जड दिसतं.

समजा, एखादं समर्थन खरं निघालं. तरीही प्रश्न संपतो का? दोस्तोयेव्स्कीच्या कादंबरीतला इव्हान कारामाझोव्ह इथेच अडतो. शेवटी सगळ्याचा मेळ बसेल हे तो गृहीत धरायला तयार आहे. पण त्या मेळाची किंमत छळलेल्या एका मुलाचे अश्रू असतील, तर तो आपलं प्रवेशाचं तिकीट आदराने परत करतो. कारण खोटं आहे ही त्याची तक्रारच नाही.

मेरिलिन मॅककॉर्ड ॲडम्स या तत्त्वज्ञ आणि धर्मगुरूही होत्या. त्यांनी या अडचणीतून वेगळी वाट काढली. माणसाच्या जगण्याचा अर्थच हिरावून घेणारी दुःखं असतात, आणि तिथे कारण शोधत बसू नये, असं त्यांचं मत. त्याऐवजी विचारावं की ज्याच्यावर हे कोसळलं, त्याच माणसासाठी, त्याच्या स्वतःच्या आयुष्यात, ईश्वर ते भरून काढू शकतो का. इतरांच्या भल्यासाठी झालं, हे उत्तर त्यांना चालत नाही. त्यांचं स्वतःचं उत्तर ‘होय’ असं आहे: दुःखातही ईश्वर माणसासोबत असतो, आणि त्या सोबतीची पूर्ती मृत्यूपलीकडे होते. मृत्यूपलीकडे काही नाही असं मानणाऱ्याला अर्थातच इथे हाती काही लागत नाही. आस्तिकालासुद्धा ‘का’ चं उत्तर मिळत नाही, आणि ते मिळेल असं ॲडम्स म्हणतही नाहीत.