जुन्या स्विंगच्या एलपीवर ‘स्टिरिओ’ लिहिलंय? जरा थांबा

स्विंग म्हणजे नाचायला लावणारा जॅझ. १९३०च्या दशकातल्या बेनी गुडमन किंवा काउंट बेसीच्या स्विंग बँडच्या रेकॉर्डिंगच्या पुनर्प्रकाशित एलपीवर ‘स्टिरिओ’ दिसलं की ती मोनो प्रतीपेक्षा सरस, हा समज अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे. मूळ ध्वनिमुद्रण एकाच चॅनेलचं, म्हणजे मोनो. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५७-५८ मध्ये. त्यानंतर जुना माल खपवायला कंपन्यांनी युक्ती केली: एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला तार स्वर, मध्ये किंचित विलंब, वर थोडा प्रतिध्वनी. कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड’ किंवा कॅपिटॉल कंपनीचं ‘ड्युओफोनिक’ दिसलं तर हाच प्रकार.

अँपचं (ॲम्प्लिफायरचं) मोनो बटण दाबूनही हे पुरतं सुधारत नाही. विलंब असेल तर दोन्ही बाजू मिसळताना काही कंप्रता एकमेकींना खोडतात आणि ब्रास (ट्रंपेट, ट्रॉम्बोनसारखी वाद्यं) पोकळ वाटतो. प्रतिध्वनी तर निघतच नाही. म्हणून मोनो प्रतच घ्या.

डिजिटल फाइल तपासायची असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही चॅनेल वेगळे करा, एक ‘इन्व्हर्ट’ (उलटा) करा, दोन्ही मोनोत मिसळा. खऱ्या मोनोत संगीत जवळजवळ नाहीसं होतं. एलपीवरून घेतलेली असेल तर खरखर तेवढी उरते. संगीत स्पष्ट ऐकू आलं, तर चॅनेलशी छेडछाड झालेली असणार.

अपवाद मात्र गमतीदार आहे. फेब्रुवारी १९३२ मध्ये व्हिक्टर कंपनीने जॅझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या दोन मेडली (एकत्र गुंफलेल्या धुना) वेगवेगळ्या मायक्रोफोनवरून एकाच वेळी दोन तबकड्यांवर कोरल्या. संग्राहकांनी अर्धशतकाने त्या जुळवल्या आणि खराखुरा स्टिरिओ मिळाला.