खोटं वादळ आणि खरी बेरीज

कॉम्प्युटरमधलं एखादं पात्र "मला कळतंय, मी आहे" म्हणायला लागलं तर त्याला खरी व्यक्ती धरायचं का, यावर वाद निघाला की दहा मिनिटांत गाडी रुळावरून घसरते, कारण "नक्कल" हा एकच शब्द दोघं दोन अर्थांनी वापरत असतात.

एक नक्कल वादळाची. हवामानवाले कॉम्प्युटरवर चक्रीवादळ चालवून बघतात, पण त्याने ऑफिसात कुणाचा शर्ट भिजत नाही. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये हाच मुद्दा मांडला, की पावसाचं सिम्युलेशन ओलं करत नाही, मग मनाचं सिम्युलेशन म्हणजे मन असं कशावरून.

दुसरी नक्कल बेरजेची. कॅल्क्युलेटरने ७ अधिक ५ केलं तर ती बेरजेची नक्कल झाली का? बेरीजच झाली ना. १९९७ मध्ये डीप ब्लू या कॉम्प्युटरने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्हला हरवलं तेव्हा कास्पारोव्ह खराच हरला. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही म्हणतात, तसंच हे हिशोबाचं, केला की झाला.

मग जाणीव कुठल्या खात्यात टाकायची, पावसाच्या की बेरजेच्या?

२०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि गूगलच्या रिसर्चर्सनी चॅटजीपीटीवर चालणारं २५ पात्रांचं एक गाव केलं, नाव स्मॉलव्हिल. कॅफेवाल्या इझाबेलाच्या डोक्यात फक्त एवढं टाकलं की व्हॅलेंटाइन डेला पार्टी द्यायचीय, पुढे ती आपणच लोकांना सांगत सुटली, १२ जणांना आमंत्रण गेलं आणि आले ५ (आपल्याकडच्या सोसायटी मीटिंगपेक्षा बरं म्हणायचं).

माझ्या मते इझाबेलाची आठवण बेरजेच्या खात्यातली. घडलेल्या गोष्टींची नोंद तिच्याकडे होती, त्यातलं हवं ते ती शोधायची, त्यावरून पुढचं ठरवायची, याला आठवण्याचं सोंग म्हणणं मला पटत नाही, हे आठवणंच आहे. पण ७ जण आले नाहीत म्हणून तिने "वाईट वाटलं" म्हटलं असतं तर? ते मी पावसात टाकेन, कारण वाईट वाटलं की घसा दाटतो, जेवण जात नाही, झोप उडते, आणि तिथे काही बिघडायला शरीरच नव्हतं. आता कुणी म्हणेल शरीराचीही नक्कल करू, मेंदूतली एकेक पेशी (न्यूरॉन) धरून, तर तिथे माझं उत्तर डळमळतं, कबूल.

कोर्टातली "व्यक्ती" मात्र यात आणू नका प्लीज, आपल्या कायद्यात कंपनी आणि देवाची मूर्तीही व्यक्ती आहे, त्याला जाणीव लागत नाही.

खरा घोळ वेगळाच आहे. स्मॉलव्हिलच्या त्या २५ जणांमागे बोलणारं मॉडेल एकच होतं, चॅटजीपीटीचं. बहुरूपी इन्स्पेक्टर बनून दारात आला तर भूक बहुरूप्याला लागते, इन्स्पेक्टरला नाही, मग आपण चौकशी नक्की कुणाची करतोय, सोंगाची की सोंग घेणाऱ्याची? २०२२ मध्ये गूगलच्या एका इंजिनिअरने लॅम्डा या चॅटबॉटला भावना आहेत असं जाहीर केलं आणि जगभर चर्चा झाली, पण त्याच लॅम्डाने आदल्या वर्षीच्या डेमोत बटुग्रह प्लूटो बनून आणि मग कागदी विमान बनून गप्पा मारल्या होत्या, तितक्याच मनापासून. त्या कागदी विमानासाठी मात्र कुणी भांडलं नाही.